पप्पांच्या कॅसेटी आणि तुमचं क्लाउड: म्युझिक ॲप कंपन्यांना गोव्यातून एक खुलं पत्र

म्युझिक ॲप चालवणाऱ्या समस्त कंपन्यांनो (आणि क्लाउडवाल्यांनो, तुम्हीसुद्धा यात आलात),

सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यात राहतो, तुमच्यातल्या दोघांना दर महिन्याला नेमाने पैसे भरतो. हे सगळं मी तुमच्या कस्टमर केअरलाच कळवलं असतं, पण तिथे बॉट बसवलाय, तो विचारतो तुमची अडचण खालीलपैकी कुठली, आणि खालीलपैकी माझी कुठलीच नसते. म्हणून इथे चारचौघांत लिहितोय.

मागणी आधीच सांगतो म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही ते सुटले. तुमच्याकडे दहा कोटी गाणी आहेत असं तुम्ही जाहिरातीत सांगता. छान आहे, असू द्या. पण जी गाणी आमच्याकडे आहेत आणि तुमच्या त्या दहा कोटींत नाहीत, ती आमची आम्हाला तुमच्याकडे अपलोड करू द्या, केली तशीच्या तशी ऐकू द्या, आणि ज्या दिवशी तुम्ही गाशा गुंडाळाल त्या दिवशी ती नावागावासकट परत द्या. एवढंच मागणं आहे. बाकी तुमचं ते वर्षाअखेरचं "तुम्ही किती मिनिटं ऐकलं" वगैरे नाही दाखवलंत तरी चालेल.

आता आमच्याकडे असं काय आहे ते सांगतो. पप्पांना रेकॉर्डिंगचं वेड. ऐंशीच्या दशकात घरात टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) आला तेव्हापासून आकाशवाणी पणजीवर लागणारी नाट्यगीतं, देवळातल्या भजनी सप्ताहाच्या बैठका, गावच्या उत्सवातली संगीत नाटकं, चवथीच्या (म्हणजे गणेशचतुर्थीच्या) घुमट आरत्या, म्हणजे घुमट हे मातीचं चर्मवाद्य वाजवत म्हटलेल्या, जे कानावर पडेल ते टेप. प्रत्येक कॅसेटच्या आतल्या कागदावर बॉलपेनने बारीक अक्षरात सगळा तपशील: गाणारा कोण, पेटीवर कोण, पखवाज कोणाचा, कुठलं देऊळ, तिथी कुठली, राग कुठला (रागापुढे कधीकधी प्रश्नचिन्ह, कारण पप्पा प्रामाणिक). शे-दीडशे कॅसेटी होतील. आमचंच घर असं आहे असं समजू नका, फोंडा, डिचोली, पेडणे, कुठेही जा, चार घरं सोडून एका घरात असा एक खोका निघतोच, कारण हा प्रदेशच तसला. केसरबाई केरकर इथल्या केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, मास्टर दीनानाथ आणि अभिषेकीबुवा मंगेशीचे, ज्योत्स्नाबाई भोळे बांदोड्याच्या, रामदास कामतही गोव्याचेच. ही झाली गोव्याबाहेर गेलेली आणि नावाजलेली माणसं. त्यांच्या मागे गावात राहून दिवसा नोकरी आणि रात्री भजन करणारे शेकडो गायक होते आणि त्यांची एकही ध्वनिमुद्रिका कधी निघाली नाही. ते फक्त अशा खोक्यांत आहेत.

वास्कोच्या दामोदर सप्ताहाचं उदाहरण घ्या. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून चोवीस तास अखंड भजन, वेगवेगळ्या पारांतर्फे (म्हणजे लोकांच्या गटांतर्फे) रस्त्यावर बैठका, तिथे पहाटे कोण काय गाऊन गेला ते ज्याने टेप केलं त्याच्याकडे आहे, नाहीतर कोणाकडेच नाही. किंवा घुमट घ्या. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, मग वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं आणि ते बरोबरच झालं, आता बकरीचं कातडं लावतात, २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर पण केलं. पण वाजवणारे म्हणतात तो जुना नाद वेगळा होता. तो जुना नाद आता ऐकायचा कुठे? आमच्या एका सोनी कॅसेटच्या बी साईडला, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कासाळ्यांच्या (झांजांच्या) गदारोळात, मध्ये आजी कोणाला तरी ओरडतेय "पंचखाद्य आणलं काय रे" तिथे. तुमच्या कॅटलॉगमध्ये सर्च करून बघा, सापडलं तर मला कळवा.

गोव्याची हवा कॅसेटला अजिबात मानवत नाही. चार महिने पाऊस, भिंतींना पाझर, कपाटातल्या कपड्यांना बुरशी लागते तिथे टेपचं काय. कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी पूड दिसायला लागली की समजायचं, आता ही लावली तर एकदाच नीट वाजेल, कदाचित तेवढीसुद्धा नाही. म्हणून भाच्याच्या मदतीने सगळं कॉम्प्युटरवर घ्यायला लागलो. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाईल केली तर मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे एक कॅसेट ९०० एमबी. फ्लॅक नावाच्या फाईलमध्ये तेच आवळून निम्म्याच्या आसपास बसतं आणि आवाजातलं काही जात नाही, मात्र टेपची खरखर जास्त असेल तर फाईल थोडी मोठीच राहते, कारण खरखर आवळली जात नाही. १२८ केबीपीएसच्या एमपी-थ्रीमध्ये हेच सगळं नव्वद एमबीच्या आत येतं, पण मग तंबोऱ्याचं आणि झांजेचं जे होतं ते ऐकवत नाही. शंभर कॅसेटी वेव्हमध्ये ठेवायच्या तर झाले ९० जीबी. घरच्या नेटला अपलोडचा स्पीड १० एमबीपीएस खरोखर मिळाला तर ते वर चढायला वीस तास लागतात. सलग. मिरगाच्या पहिल्या पावसात लायट किती वेळ टिकते ते तुम्हाला तुमच्या बंगळूरच्या ऑफिसात बसून कळणार नाही, तेव्हा अर्धवट अपलोड झालेली फाईल जिथे थांबली तिथूनच पुढे चालू होईल एवढं तरी बघा. एक मोठी फाईल ९७ टक्क्यांवर तुटली की पुन्हा शून्यापासून, हा काय प्रकार आहे.

बरं, ही माझी मागणी काही जगावेगळी नाही, तुम्हीच एकेकाळी हे देत होता. जानेवारी २००० मध्ये एमपी-थ्री डॉट कॉम या कंपनीने असलं काहीतरी काढलं होतं, आपली सीडी कॉम्प्युटरमध्ये घालून दाखवायची, ती आपल्याकडे आहे हे त्यांना पटलं की मग ते त्यांच्या सर्व्हरवरून तेच गाणं आपल्याला कुठेही ऐकवणार. रेकॉर्ड कंपन्यांनी कोर्टात खेचलं, कारण सर्व्हरवरच्या कॉप्या गिऱ्हाइकाच्या नव्हत्या, कंपनीने स्वतः केलेल्या होत्या. त्यातल्या एकट्या युनिव्हर्सल कंपनीला त्यांना पाच कोटी डॉलरच्या वर मोजून द्यावे लागले. त्याच माणसाने, मायकेल रॉबर्टसनने, मग एमपी-थ्री-ट्यून्स काढलं, यावेळी गाणी लोकांनी स्वतः चढवायची, तरी २००७ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने खटला भरलाच आणि २०१२ ला कंपनीचं दिवाळं वाजलं. तोपर्यंत मोठे आले होते. २०११ च्या मार्चमध्ये ॲमेझॉन, मेमध्ये गूगल, वर्ष संपायच्या आत ॲपल. गूगल तर फुकट २० हजार गाणी ठेवून घ्यायचं आणि २०१५ ला त्याची मर्यादा ५० हजार केली. आमच्यासारख्यांची चंगळ होती.

मग तुम्हाला सगळ्यांना एकदम साक्षात्कार झाला की लोकांची गाणी सांभाळण्यात पैसा नाही, लोकांना गाणी भाड्याने देण्यात आहे. ॲमेझॉनने लॉकर, म्हणजे आपली गाणी ठेवायचा कप्पा, गुंडाळला. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राईव्हवर ठेवलेली गाणी ग्रूव्ह ॲपमध्ये वाजायची, ते मार्च २०१९ ला बंद. गूगल प्ले म्युझिक २०२० च्या शेवटी बंद आणि २०२१ च्या फेब्रुवारीत डेटासुद्धा पुसला. गूगलच्या बाबतीत एवढं म्हणेन की यूट्यूब म्युझिकमध्ये सगळं हलवायला त्यांनी बटण दिलं होतं आणि तिथे आज एक लाख गाणी चढवता येतात, ॲपलचंही आयट्यून्स मॅच एक लाखापर्यंत चालू आहे. दोन खिडक्या अजून उघड्या आहेत एवढंच. त्यांची जाहिरात कधी कोणी पाहिलीय का? मेनूच्या तळाला, सेटिंगच्या पोटात, जणू तुम्हालाच त्याची लाज वाटते. आणि आपल्याकडच्या ॲपांचं म्हणाल तर रेसो जानेवारी २०२४ ला गेलं, त्याच वर्षी विंक गेलं. त्या ॲपांवर लोकांनी बसून बसून प्लेलिस्टी केल्या होत्या.

मायस्पेस या जुन्या सोशल साईटचं तर विचारूच नका. २००३ ते २०१५ या बारा वर्षांत लोकांनी चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना उडाली आणि ते जगाला नीट कळलं २०१९ मध्ये. पाच कोटी गाण्यांचा आकडा तेव्हा छापून आला होता. त्यातली ४ लाख ९० हजार पुढे इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ऑनलाइन संग्रहावर परत आली, ती मायस्पेसने शोधून काढली म्हणून नाही, संशोधन करणाऱ्या काही लोकांनी आधीच आपल्यापुरती डाऊनलोड करून ठेवली होती म्हणून.

आता माझी स्वतःची तक्रार. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांना कळेल. आम्ही पैसे भरून तुमचं अपलोडचं फिचर वापरत होतो. मूळ फायली घरच्या हार्ड डिस्कवर होत्याच, दोन ठिकाणी होत्या, त्यामुळे आवाज काही गेला नाही. पण तुमच्या ॲपमध्ये आम्ही जे लिहिलं होतं त्याचं काय? आई कॅसेटचा कागद चष्म्याजवळ धरून वाचायची आणि मी टाईप करायचो, पखवाज अमुक, पेटी तमुक, श्रावण वद्य अष्टमी, कितीतरी रविवार गेले त्यात. मग ऐन चवथीच्या धामधुमीत तुमचं ईमेल, की आम्ही हे फिचर बंद करतोय, आपला डेटा डाऊनलोड करून घ्या, आमच्यासोबतच्या प्रवासाबद्दल धन्यवाद. कसला प्रवास? माटोळी (गणपतीवरचं फळापानांचं छत) बांधायची सोडून मी झिप फायली उतरवत बसलो. उतरल्या तर काय, देवनागरीतली सगळी नावं प्रश्नचिन्हं झालेली. चार प्रश्नचिन्हं, रेघ, सहा प्रश्नचिन्हं, डॉट एमपी-थ्री. फ्लॅक दिली होती हो तुम्हाला आम्ही! एमपी-थ्री करून परत दिलीत. आणि आईने वाचून दिलेले शेरे तर त्या झिपमध्ये कुठेच नव्हते, ते तुमच्या डेटाबेसमध्ये होते आणि तुमच्या डेटाबेसबरोबर गेले.

म्हणून मी "नावागावासकट परत द्या" म्हणतो. हे तांत्रिकदृष्ट्या काही चंद्रावर जाण्याइतकं अवघड नाही. फाईलच्या आतच माहिती लिहायची सोय कधीपासून आहे. एमपी-थ्रीचा अगदी पहिला टॅग होता त्यात नावाला तीस अक्षरांची जागा आणि देवनागरी धड बसतच नव्हती, मान्य, पण नंतरच्या टॅगांत युनिकोड चालतो, फ्लॅकमध्ये तर पहिल्यापासून चालतो, हवी तेवढी नवी रकाना-नावं घालता येतात. आम्ही ॲपमध्ये काही बदललं की ते फाईलच्या आत लिहा, तुमच्याच कप्प्यात ठेवू नका. बस इतकं केलंत तरी अर्धं पत्र मागे घेतो.

रकान्यांवरून आठवलं. आर्टिस्ट, अल्बम, जॉनर. यात सप्ताहाची बैठक कशी बसवायची? जॉनर "डिव्होशनल", ठीक. अल्बम कुठला, देवळाचं नाव? आर्टिस्ट कोण, गाणारे सहा जण एकामागून एक उठून गातायत, मध्येच एक पाहुणा बुवा येऊन गौळण म्हणून जातो. आणि ज्याचा पखवाज ऐकण्यासाठीच ती कॅसेट जपली त्याला तुमच्याकडे रकानाच नाही. शिवाय देवनागरीत नाव लिहिलं की तुमच्या यादीत ते ए-टू-झेडच्या बाहेर, खाली एका फुलीवजा चिन्हाखाली, सगळे एकत्र, अनुक्रम नाही काही नाही. अ आ इ ई प्रमाणे लावणं कॉम्प्युटरला येतं, तुमच्या ॲपला येत नाही. आणि ४५ मिनिटांची एक बाजू एक फाईल म्हणून चढवली की काही ॲपांना वाटतं हा पॉडकास्ट आहे. ॲपलच्या मॅचला २०० एमबीच्या किंवा दोन तासांच्या वरची फाईल चालत नाही, म्हणजे कॅसेटची एक बाजू वेव्हमध्ये असली की झालीच बाद. ख्याल काय तीन मिनिटांत संपवायचा? ते दिवस अठ्ठ्याहत्तरच्या तव्याबरोबर, म्हणजे जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डींबरोबर, गेले असं आम्ही समजत होतो.

त्या मॅच प्रकाराविषयी दोन शब्द बोलायलाच हवेत कारण त्याने डोकं फिरलं होतं. गाणं चढवायचा वेळ आणि जागा वाचावी म्हणून तुम्ही बघता की हे गाणं तुमच्याकडे आधीच आहे का, असेल तर आमचं न घेता तुमचंच ऐकवता. बाजारातल्या सीडीसाठी ही युक्ती उत्तम, मी नाव ठेवत नाही. पण ओळखायचं कसं यावर सगळं आहे. आवाजाचा ठसा घेऊन जुळवलं तर बरंचसं बरोबर येतं. नुसतं नाव वाचून जुळवलं तर बट्ट्याबोळ, ॲपल म्युझिकमध्ये सुरुवातीला तसंच होतं आणि लोकांच्या बोंबा झाल्यावर २०१६ मध्ये त्यांनी आवाजाच्या ठशावर आणलं. आमच्या बाबतीत दुसऱ्याच एका ॲपने हा पराक्रम केला. गावच्या उत्सवातल्या नाटकात आमच्या पोस्टमनने म्हटलेलं एक पद होतं, गाण्याचं नाव बरोबर लिहिलं, गायकाच्या जागी त्याचं नाव लिहिलं, आणि प्ले केलं तर एका फार मोठ्या गायकाचं रेकॉर्डिंग वाजायला लागलं. गायक थोरच, वाद नाही. पण आम्हाला पोस्टमन हवा होता ना! त्याच्या पदात तिसऱ्या वन्समोअरला त्याचा आवाज फाटतो, प्रॉम्प्टर पुढची ओळ इतकी मोठ्याने सांगतो की ती पण टेप झालीय, आणि पहिल्या रांगेत कोणाचं तरी पोर रडतंय. ते पोर म्हणजे माझा चुलतभाऊ असं घरात मानलं जातं. हे सगळं तुम्ही परस्पर सुधारून टाकलंत. जुळवायचं असेल तर आधी विचारा, आणि "नको, माझंच ठेवा" असं एक बटण द्या. तुमच्या आवाजाचा दर्जा चांगला असला तरीसुद्धा.

आता कायद्याचं. दर वेळी तुम्ही कॉपीराईटची पाटी दाखवता म्हणून मी मुद्दाम वाचलं. आपला १९५७ चा कॉपीराईट कायदा, त्यातलं कलम ३९ सांगतं की कलाकाराच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग एखाद्याने स्वतःच्या खासगी वापरासाठी केलं तर त्याने कलाकाराच्या हक्काचा भंग होत नाही. म्हणजे पप्पा देवळाच्या चौकात टू-इन-वन घेऊन बसायचे ते चोर नव्हते. कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी रास्त वापराची मुभा आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीत तिथे असंही आलंय की अशा कामासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हा भंग नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षांनी संपतो, म्हणजे १९६० च्या आधी निघालेल्या तव्यांच्या रेकॉर्डिंगवर तो आता उरलेला नाही, फक्त कवी आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो तो वेगळा बघावा लागतो. तुकोबांच्या शब्दांवर तर कोणाचाच हक्क नाही. तरी तुमच्या त्या स्वयंचलित रोबोला आमच्या देवळातला अभंग ऐकून एका कॅसेट कंपनीची आठवण होते आणि तो आवाज बंद करून टाकतो, का, तर चाल सारखी वाटली. चाल सारखी असणारच, अख्ख्या गोव्यात आणि कोकणात तीच म्हणतात! मी हे जगासाठी प्रसिद्ध करत नाहीये, विकत नाहीये, माझ्या लॉकरमध्ये माझ्यासाठी ठेवतोय. माझ्या लॉकरमध्ये तुमचा रोबो कशाला फिरतो? प्रसिद्ध करणाऱ्यांना जरूर अडवा, कलाकारांचे पैसे बुडू नयेत हे मलाही वाटतं, आमच्या घरात आजही सीडी विकत घेतात.

आणि तुमचं भाड्याचं गाणं तरी कुठे खात्रीचं आहे. २०२३ च्या मार्चमध्ये झी म्युझिकचं आणि स्पॉटिफायचं फिस्कटलं आणि काही काळ त्यांची गाणी, मराठीसुद्धा, यादीत करडी होऊन, न वाजणारी होऊन बसली. नंतर परत आली. पण लग्नाच्या ऐन वरातीत ज्याची प्लेलिस्ट करडी झाली असेल त्याला विचारा.

केसरबाईंची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, नसेल तर ऐका. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानं सोडली त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, तिच्यात भारतातर्फे एकच गाणं, केसरबाईंनी गायलेली भैरवी. पण ते रेकॉर्डिंग तेव्हा बाजारातून गेलेलं होतं. शोधता शोधता न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय माणसाच्या दुकानात टेबलाखालच्या धुळीच्या खोक्यात त्याच्या प्रती मिळाल्या. फोंडा तालुक्यातल्या केरी गावची बाई सूर्यमालेच्या बाहेर गेली ती कोणाच्या तरी खोक्यात पडून होती म्हणून. त्या वेळी जर सगळं गाणं भाड्याच्या ॲपवरच असतं आणि करार संपून करडं झालं असतं तर? आणि दुसरं, नासाने तबकडीसोबत ती वाजवायची सुई पण पाठवलीय आणि कशी वाजवायची त्याची चित्रं वर कोरलीत. परग्रहावरच्या माणसाला लॉगिन करायला लागत नाही.

माझा भाचा म्हणतो मामा तू यांच्या नादाला लागू नकोस, आपण घरीच सर्व्हर करू. आणि त्याने केलाही. एका जुन्या लॅपटॉपवर नॅव्हिड्रोम नावाचं फुकट सॉफ्टवेअर घातलं, त्याला हार्ड डिस्क जोडली, झालं आमचं स्वतःचं म्युझिक ॲप. यातली गोम अशी की नॅव्हिड्रोम फोनवरच्या ॲपांशी सबसॉनिक नावाच्या सर्व्हरच्या पद्धतीने बोलतं, ती पद्धत उघडी आहे, त्यामुळे फोनवर त्या पद्धतीचं कुठलंही ॲप घाला, चालतं. एक ॲप बंद पडलं तर दुसरं घ्या, गाणी जागची हलत नाहीत. हे तुम्हाला जमत नाही असं नाही, तुम्हाला नको असतं. पण घरच्या सर्व्हरची पण कटकट आहे, खोटं कशाला बोलू. आपल्याकडच्या बऱ्याच नेट कंपन्या एकाच पत्त्यामागे शेकडो घरं बसवतात, त्यामुळे बाहेरून घरच्या कॉम्प्युटरपर्यंत सरळ येता येत नाही, मग टेलस्केलसारखा खासगी बोगदा काढावा लागतो. लायट गेली की सर्व्हर गेला, मग इन्व्हर्टर. पावसात वीज कडाडली की आई जाऊन प्लगच काढून टाकते, आणि मस्कतहून मामांचा फोन येतो, "अरे भजन मध्येच बंद कित्याक जालें?" (का झालं?) माझ्या घरात भाचा आहे म्हणून हे चाललंय. शेजारच्या काकूंकडे दशावताराच्या कॅसेटी आहेत आणि भाचा नाही. त्यांच्यासाठी मी तुमच्याशी बोलतोय. ड्राईव्हवर टाका म्हणून सांगू नका, ड्राईव्ह ही आधारकार्ड आणि सातबारा ठेवायची जागा, तिथे बसून कोणी सप्ताह ऐकत नाही.

फॅमिली प्लॅनचं पण एकदा स्पष्ट करा. तुमची अट असते की सगळे एकाच पत्त्यावर राहणारे हवेत. गोव्यातलं कुठलं कुटुंब एका पत्त्यावर राहतं हो, चवथीचे पाच दिवस सोडले तर? मामा मस्कतला, भाऊ बंगळूरला, बहीण पुण्याला. पप्पांच्या कॅसेटी ऐकाव्याशा सगळ्यात जास्त त्यांनाच वाटतात, मी तर देवळापासून चालत पाच मिनिटांवर आहे. एका घरातली आठ-दहा माणसं, जगात कुठेही असोत, एक लॉकर, सगळ्यांनी ऐकायचं, एकाने सांभाळायचं. त्याचे वेगळे पैसे लावा, रुपयांत लावा, वर्षाचे एकदम घ्या, आम्ही देऊ. १०० जीबी जागा शंभर-दीडशे रुपयांत महिन्याला मिळते हे आम्हाला ठाऊक आहे, त्यावर ऐकायची सोय केल्याबद्दल अजून शंभर घ्या, पण हजार नका मागू. बंद करायचं असेल तर किमान एक वर्ष आधी सांगा, आणि त्या वर्षात मूळ फाईल, जशी दिली तशी, फ्लॅक तर फ्लॅक, देवनागरी तर देवनागरी.

यंदाच्या चवथीला सगळे घरी येणार आहेत. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली की बसून ठरवायचं आहे की घरचाच सर्व्हर चालू ठेवायचा, त्याला नवी हार्ड डिस्क आणि मोठा इन्व्हर्टर घ्यायचा, की तुमच्यातल्या कोणाला तरी वर्षाचे पैसे भरायचे. भाऊ तुमच्या बाजूने आहे, भाचा विरुद्ध, मामांचं मत ज्यात भजन मध्ये तुटणार नाही ते. तुमच्यातल्या कोणाला वर लिहिलेलं जमणार असेल तर त्याच्या आधी कळवा, आणि कृपा करून माणसाकडून कळवा.

आपला,
पैसे भरणारा एक ग्राहक
फोंडा, गोवा